तेल कमी आणि महाग होत जाणार, मग आपल्या शहरातल्या बस-मेट्रोचं काय? पुण्या-मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी रोज बसने फिरतो आणि हा विषय निघाला की बोलत सुटतो, त्यामुळे ओळखीचे लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणं जास्त करून पुण्याची आहेत, कारण तेच शहर मला पायाखालचं आहे. मुंबई जिथे जिथे लागते तिथे येतेच.

तेल संपणार हे लहानपणापासून ऐकतोय, अजून तर संपलं नाही. मग आत्ताच कशाला डोकं लावायचं?

बरोबर आहे, एका दिवशी पंपावर "तेल संपले" अशी पाटी लागेल असं काही होणार नाही. अमेरिकेत हबर्ट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगितलं होतं की तिथलं तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरेल, तसं ते १९७० ला उतरायला लागलंही, पण पुढे खडक फोडून तेल काढायचं तंत्र आलं आणि २०१८ मध्ये जुना आकडा मागे पडला. त्यामुळे तारीख सांगणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही.

पण आपला प्रश्न तारखेचा नाहीच मुळी. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतून जातो, म्हणजे तिकडे काही झालं की इकडे भाजीपासून रिक्षापर्यंत सगळं वर. १९७३-७४ मध्ये काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले, जुलै २००८ मध्ये पिंप १४७ डॉलरला गेलं, २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर परत १२० च्या वर. हे दर काही वर्षांनी होतं आणि दर वेळी आपण तयारीत नसतो. शहर बदलायला पंधरा-वीस वर्षं लागतात, भाव चढायला पंधरा दिवस पुरतात, म्हणून आत्ता.

सगळे इलेक्ट्रिक स्कूटर आणि कार घेतायत, मग तेलाचा प्रश्न सुटलाच ना?

तेलाचा थोडाफार सुटेल, शहराचा नाही सुटणार. पेट्रोलची कार जेवढा रस्ता अडवते तेवढाच इलेक्ट्रिक कार अडवते, तेवढंच पार्किंग मागते आणि सिग्नलला तेवढ्याच रांगेत उभी राहते. पुण्यात २०१८ मध्येच नोंदणी झालेल्या गाड्यांचा आकडा लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यात जुन्या भंगारात गेलेल्या गाड्या धरलेल्या असतात हे मान्य, तरी रस्त्यावर आपण बघतोच की. आणि ज्याला बसचा पास काढतानाही विचार करावा लागतो तो लाख-सव्वा लाखाची स्कूटर कुठून घेणार? भाव भडकले की आधी तोच अडकतो.

माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, बसच्या टाकीत काय घालायचं हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे, बससाठी किती वेळ थांबावं लागतं हा पहिल्या नंबरचा. पुढची जवळपास सगळी उत्तरं याच्याच आसपास फिरतात.

बस खरंच तेल वाचवते का? कितीतरी बस रिकाम्या पळताना दिसतात.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर "नेहमी वाचवते" असं नाहीये. साधा हिशोब करू. मोठी डिझेल बस शहरात लिटरला साडेतीन किलोमीटर जाते असं धरा. आत ४० माणसं असली तर एका लिटरमध्ये एका माणसाचे १४० किलोमीटर झाले. स्कूटर लिटरला ४५ जाते आणि तिच्यावर सरासरी सव्वा माणूस धरला तर ५५ च्या आसपास. कार १४ जाते, आत दीड माणूस, म्हणजे २१. आता त्याच बसमध्ये फक्त १२ माणसं बसवून बघा, ४२ येतात, म्हणजे बस स्कूटरच्याही मागे पडली!

म्हणजे रस्त्यावर नुसत्या बसेस ओतून तेल वाचत नाही, भरलेल्या बसने वाचतं. आता यावर कोणी म्हणेल की मग फेऱ्या कमी करा, बस आपोआप भरतील. तसं होत नाही. फेऱ्या कमी झाल्या की लोक कंटाळून स्कूटर घेतात, बस अजून रिकामी होते, मग अजून फेऱ्या कमी, असं करत रूट बंद पडतो. भरायची असेल तर आधी भरवशाची करावी लागते, मधले काही महिने तोटा सोसावा लागतो आणि तेवढा धीर कोणाला नसतो.

मग सगळ्यात आधी काय करायला पाहिजे?

फेऱ्या वाढवा आणि बसचा वेग वाढवा, आणि ही दोन वेगळी कामं नाहीत. बघा, १५ किलोमीटरचा एक रूट घ्या. ट्रॅफिकमध्ये बस तासाला १२ किलोमीटरने रखडत जाते, एका बाजूला ७५ मिनिटं, दोन्ही बाजू दीडशे, दोन्ही टोकांना मिळून वीस मिनिटं थांबा, झाली १७० मिनिटं. दर दहा मिनिटांना बस पाहिजे असेल तर १७ बस लागतात. आता त्याच बसला मोकळी लेन द्या, सिग्नलला थोडं प्राधान्य द्या आणि वेग १८ वर न्या, एका बाजूला ५० मिनिटं, थांबा धरून सगळी फेरी १२० मिनिटांची. तेवढ्याच सेवेला १२ बस पुरल्या. पाच बस वाचल्या, पाच बसचे ड्रायव्हर-कंडक्टर मोकळे झाले, त्या पाच दुसऱ्या रूटवर सोडा किंवा इथेच दहाची सात मिनिटं करा. नवीन बस एकही विकत न घेता! रस्त्यावरचा पांढरा पट्टा आणि तो पाळायला लावणारे हवालदार एवढाच खर्च.

बसेस कमी आहेत हेही खरंच. केंद्राच्या नगरविकास खात्याचा जुना निकष आहे की हजार लोकांमागे ०.६ बस असली तर चांगलं, म्हणजे लाखाला ६०. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ६० लाख लोक धरले तरी ३,६०० बस पाहिजेत आणि पीएमपीचा, म्हणजे या दोन्ही शहरांच्या बससेवेचा, ताफा दोन हजारांच्या आगेमागे घुटमळतो, त्यातल्या काही रोज वर्कशॉपमध्ये. पण समजा उद्या दोन हजार बस वाढवल्या आणि त्या स्कूटरच्या गर्दीत तशाच उभ्या राहिल्या, तर आपण फक्त जाम वाढवला.

बस लेन म्हणजे बीआरटीच ना, ती तर पुण्यात फसली?

फसली म्हणण्यापेक्षा अर्धवट केली आणि मग अर्धवट निघाली म्हणून काढली, असं मी म्हणेन. देशातली पहिली बीआरटी पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर सुरू झाली, हे आता कित्येक पुणेकरांनाही आठवत नाही. लेन मध्येच तुटत होती, स्टॉपपर्यंत जायला रस्ता ओलांडायची सोय धड नव्हती, आणि दुचाकीवाले लेनमधून बिनधास्त पळत होते. २०१५ मध्ये रेनबो बीआरटी आली, संगमवाडी–विश्रांतवाडी आणि सांगवी–किवळे, ती बरीच बरी होती. पिंपरी-चिंचवडकडे अजून लेन शिल्लक आहेत. नगर रोडवरचा मोठा तुकडा मात्र २०२३ च्या सुमारास काढून टाकला, रस्ता मोकळा करायचा म्हणून.

मला हे मनापासून वाईट वाटतं. एका लेनमधून मिनिटाला एक भरलेली बस गेली तर तासाला तीन हजार माणसं जातात. तीच लेन कारना दिली तर शहरातले सिग्नल धरून हजार-बाराशे माणसं जात असतील. मग कोणाला मोकळं केलं आपण? ब्राझीलच्या कुरितिबाने १९७४ पासून बसच्या लेन केल्या आणि उंच इमारतींना परवानगी त्याच रस्त्यांच्या कडेने दिली. कोलंबियातल्या बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ सुरू केली. दोन्ही शहरं काही गर्भश्रीमंत नव्हती. अहमदाबादची जनमार्ग २००९ ची, तिच्यातही खोट काढता येते, पण ती सलग केली हे महत्त्वाचं.

मेट्रो आली की आता, बसची एवढी चिंता कशाला?

मेट्रो चांगलीच आहे, मी स्वतः वापरतो आणि ती विजेवर चालते म्हणजे तेलाचा संबंधच नाही. पुण्यात ६ मार्च २०२२ ला वनाज–गरवारे कॉलेज आणि पिंपरी–फुगेवाडी सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये रूबी हॉल आणि सिव्हिल कोर्टपर्यंत, २०२४ मध्ये रामवाडी आणि स्वारगेट. हिंजवडी–शिवाजीनगर तिसरी मार्गिका वेगळी.

पण मेट्रो ही हाडं आहेत, मांस बसचं असतं. धायरी, आंबेगाव, वाघोली, मोशी, उंड्री इथला माणूस स्टेशनपर्यंत कशाने येणार? स्कूटरने आला तर स्टेशनखाली पार्किंग पाहिजे, आणि स्कूटर काढलीच आहे तर तो सरळ ऑफिसलाच जातो ना! दर पाच-सात मिनिटांना सुटणारी छोटी फीडर बस नसेल तर हजारो कोटींची मेट्रो अर्धी रिकामी धावणार. आणि तिकीट एकच पाहिजे. फीडरचे दहा, मेट्रोचे वीस, उतरून परत रिक्षाचे तीस, असं झालं की माणूस मनातल्या मनात पेट्रोलशी तुलना करतो आणि पेट्रोल जिंकतं.

इलेक्ट्रिक बसची वीज तर कोळशाचीच असते, मग फायदा काय?

कोळशाची असते, आजही देशातली सत्तर टक्क्यांच्या वर वीज कोळशापासून येते, हे लपवायचं कारण नाही. पण इथे आपण तेलाबद्दल बोलतोय, आणि वीज उद्या सूर्यापासून, वाऱ्यापासून, कोयनेच्या पाण्यापासून येऊ शकते. डिझेलचं तसं नाही, ते विहिरीतूनच यावं लागतं.

पैशाचाही हिशोब बघा. बारा मीटरची एसी ई-बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज खाते, युनिट आठ रुपये धरलं तर दहा रुपये. डिझेल नव्वद रुपये लिटर आणि साडेतीनचं ॲव्हरेज धरलं तर पंचवीसच्या वर. बस विकत घ्यायला मात्र डिझेलच्या कितीतरी पट महाग, म्हणून ती दिवसभर पळवली तरच परवडते, डेपोत उभी ठेवायला नाही. चीनच्या शेंझेनने २०१७ च्या अखेरीपर्यंत सगळ्याच्या सगळ्या, १६ हजारांच्या पुढे, बस इलेक्ट्रिक केल्या. पुण्यात पहिल्या ई-बस फेब्रुवारी २०१९ मध्ये आल्या, भेकराईनगर आणि निगडीच्या डेपोतून.

चार्जिंगचं कसं करणार? रात्री सगळ्या बस एकदम लावल्या तर?

खरं काम इथे आहे आणि यावर कोणी फारसं बोलत नाही. एका बसने दिवसात २०० किलोमीटर केले तर तिला अडीचशे युनिट लागतात. शंभर बसचा डेपो म्हणजे २५ हजार युनिट, आणि रात्री अकरा ते पहाटे पाच एवढ्या सहा तासांत भरायचे तर चार मेगावॅटच्या वर जोडणी पाहिजे. म्हणजे डेपोच्या कोपऱ्यात नुसता चार्जर ठेवून भागत नाही, उच्चदाबाची लाइन, ट्रान्सफॉर्मर, त्याला जागा, महावितरणची मंजुरी हे सगळं बसच्या आधी व्हावं लागतं. नाहीतर बस येऊन उभ्या राहतात आणि वीज येत नाही.

मी एकदा रात्री असा एक डेपो बघितला होता. डिझेलच्या डेपोत पहाटे चारला बस तापवायला लावल्या की गल्लीभर घरघर आणि धूर, इथे नुसते पंखे फिरल्यासारखा आवाज. एक मुलगा टॉर्च घेऊन रांगेने चालला होता, प्रत्येक बसच्या बाजूचं झाकण उघडून चार्जरची गन नीट बसलीय का, दिवा हिरवा आहे का बघत, आणि वहीत टक्के लिहीत होता. एकीचा दिवा लाल होता, त्याने गन काढून फडक्याने पुसली, परत दाबून बसवली, तरी लालच, मग तोच प्रकार तीनदा. ती बस सकाळच्या पहिल्या फेरीला जाणार की नाही हे त्या मुलाच्या हातात होतं. आपण योजना करतो तेव्हा असा माणूस त्यात धरलेला नसतो, त्याचं ट्रेनिंग, त्याचा पगार, त्याच्याकडे असलेले सुटे भाग.

म्हणूनच डेपोच्या जागा बिल्डरला देऊन वर टॉवर बांधायची टूम मला पटत नाही. पुढच्या तीस वर्षांसाठी डेपो हाच आपला पेट्रोलपंप आहे.

सीएनजी आणि इथेनॉल का नाही?

सीएनजीने हवा सुधारली, दिल्लीत सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या आदेशानंतर २००२ पर्यंत बस सीएनजीवर गेल्या, पुण्यातही पीएमपीच्या पुष्कळ बस सीएनजीच्या आहेत. पण आपण वापरतो त्यातला साधारण निम्मा गॅस आयातच होतो, त्यामुळे एका उंबऱ्यावरून उठून शेजारच्या उंबऱ्यावर बसल्यासारखं आहे. इथेनॉलसाठी ऊस आणि मका लागतो, उसाला पाणी किती लागतं हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

तारेवरची बस म्हणे नाशिकला होणार होती, ती काय भानगड?

ट्रॉलीबस. वर दोन तारा, बसच्या टपावर दोन दांड्या, रुळ नाहीत. नाशिकसाठी "मेट्रो निओ" या नावाने २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली होती, प्रत्यक्षात काही उभं राहिलं नाही. गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्याला नवीन नाहीच. मुंबईत बेस्टने जून १९६२ ते मार्च १९७१ गवालिया टँक–माझगाव डॉक मार्गावर ट्रॉलीबस चालवली. त्याच्याही आधी १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम, १९०७ पासून विजेची ट्राम, आणि ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर–दादर शेवटची ट्राम धावली. विजेवरची वाहतूक आपल्याकडे होती, डिझेल स्वस्त वाटलं आणि आपण ती मोडून टाकली. १९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा ट्रॉलीबस बंद होऊन तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

आता नवीन प्रकारात तारेखालून जाताना बस चार्ज होते आणि तार संपली की छोट्या बॅटरीवर पुढे जाते. चढाच्या, फार गर्दीच्या रस्त्यांना हे शोभेल असं मला वाटतं, कारण मोठी बॅटरी वाहून न्यायला लागत नाही. नाशिकने एका रस्त्यावर करून बघायला हवं होतं.

मुंबईला काय अडचण आहे, लोकल तर विजेवरच आहे?

मुंबईची लोकल हे तेलाविना शहर कसं चालतं त्याचं जगातलं मोठं उदाहरण आहे आणि आपण ते विसरतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी–कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली. कोविडच्या आधी रोज ७५ लाखांच्या आसपास लोक जायचे. तेलाचा भाव काहीही होवो, डोंबिवलीचा माणूस ऑफिसला पोहोचतो. जीव मुठीत धरून पोहोचतो हे खरं, गर्दीत पडून माणसं मरतात ही लाजेची गोष्ट आहे आणि त्यावर पैसा पहिला खर्च व्हायला पाहिजे. स्टेशनच्या बाहेर मात्र मुंबईसुद्धा बस आणि शेअर रिक्षावरच आहे, आणि बेस्टच्या स्वतःच्या बसेस, ज्या बारा-पंधरा वर्षांपूर्वी चार हजारांच्या पुढे होत्या, त्या आता हजाराच्याही खाली आल्यात. बाकीच्या कंत्राटी.

कंत्राटी बस वाईट का? पैसे तर वाचतात.

पद्धत अशी असते की कंपनी बस आणते, ड्रायव्हर तिचा, आणि महामंडळ तिला किलोमीटरमागे ठरलेला दर देतं, तिकिटाचे पैसे महामंडळाचे. यात चांगलं हे की एवढ्या महागाच्या ई-बस एकदम विकत घ्यायला लागत नाहीत. केंद्राची ऑगस्ट २०२३ ची पीएम ई-बस सेवा योजना, १० हजार बसची, ती याच धर्तीवर आहे. अवघड हे की किलोमीटरला पैसे आहेत, माणसाला नाहीत. स्टॉपवर हात केला आणि बस थांबली नाही तरी किलोमीटर मोजला जातोच. ड्रायव्हरचा पगार कमी असला तर तो टिकत नाही, मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी बसचालकांनी संप केला तेव्हा काय हाल झाले ते सगळ्यांनी बघितलं. माझं मत असं की करार करा, पण त्यात वेळेवर सुटलेल्या फेऱ्या, न गाळलेले स्टॉप आणि ड्रायव्हरचा किमान पगार हे लिहून घ्या, आणि थोड्या तरी बस स्वतःच्या ठेवा, नाहीतर कंपनी गेली की आपण रस्त्यावर.

तिकीट फुकट केलं तर लोक येतील का?

काही येतील. दिल्लीत २०१९ पासून, कर्नाटकात जून २०२३ पासून महिलांना फुकट आहे, आपल्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. बायका कामाला, दवाखान्याला, माहेरी जास्त फिरायला लागल्या हे उघड दिसतं आणि ते फार मोलाचं आहे. पण स्कूटरवाला फुकट म्हणून बसमध्ये येत नाही, तो वेळेवर येते म्हणून येतो. माझ्याकडे मोजके पैसे असतील तर मी आधी फेऱ्या वाढवीन.

तरी भाडं स्वस्त हवंच. बेस्टने जुलै २०१९ मध्ये कमीत कमी भाडं आठवरून पाच केलं होतं, मे २०२५ मध्ये पाचाचे दहा झाले, पीएमपीचेही जून २०२५ पासून पाचाचे दहा. जवळच्या जवळ जाणारी मंडळी, भाजी घेऊन दोन स्टॉप जाणारी आजी, ती यात तुटते. पुण्यात २०२१ मध्ये मध्यवस्तीत छोट्या बसमध्ये दहा रुपयांत दिवसभर फिरा अशी सोय काढली होती, तसलं काहीतरी मला परत पाहिजे.

आणि तोटा तोटा म्हणून जे ओरडतात त्यांना सांगा की पीएमपीची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० अशी भरतात, ते पाण्यासारखं, दिवाबत्तीसारखं आहे. उड्डाणपूल किती तोट्यात आहे असं आपण कधी विचारत नाही.

बसपर्यंत चालत जायला फूटपाथ कुठे आहे?

नाही आहे, आणि बस रिकामी राहायचं ते एक मोठं कारण आहे. मागच्या पावसाळ्यात एका स्टॉपवर उभा होतो. फूटपाथ खणलेला, पुढे रिक्षा लागलेल्या, त्यामुळे बस रस्त्याच्या मधोमध थांबली. एक सत्तरीच्या आजी, हातात औषधांची पिशवी, डबक्यातून बसपाशी गेल्या. पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर. एका हाताने दांडा धरला, पिशवी आधी वर ठेवली, पाय उचलला, तो काही पोचेना. कंडक्टरने खाली उतरून काखेत हात घालून चढवलं. त्या बसची पायरी फूटपाथच्या उंचीला असती आणि बस कडेला लागली असती तर त्या स्वतःच्या स्वतः चढल्या असत्या, आणि परत येतानाही बसनेच आल्या असत्या. त्या आजींना तेव्हा मनात काय वाटलं असेल, हे मला बॅटरीच्या क्षमतेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पुण्याकडे पादचारी धोरण २०१६ पासून आहे, ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद ठेवतात, छान वाटतं चालायला. ते एका दिवसाचं तीनशे पासष्ट दिवसांचं करायला काय हरकत आहे?

आणि सायकल? पुणे तर सायकलींचं शहर होतं.

होतं. माझे वडील वीस वर्षं सायकलने कामाला गेले. २०१७ मध्ये महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या सायकली आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सलग ट्रॅक नाही तोवर मुलाला सायकलवर पाठवायची छाती कोणाची होणार नाही. नेदरलँड्सने १९७३ च्या तेलसंकटात नोव्हेंबरपासून रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या, लोक रिकाम्या हायवेवर सायकली घेऊन उतरले, आणि नंतर त्यांनी ट्रॅक बांधत नेले. तिथेही आधी मोटारींचंच राज्य होतं.

रिक्षा आणि कंपनीच्या बसचं यात काय?

शेअर रिक्षाला आपण उगाच चोरट्यासारखं वागवतो. तिला ठरलेला मार्ग, ठरलेलं भाडं आणि मेट्रो स्टेशनला उभं राहायला जागा दिली तर ती उत्तम फीडर आहे.

कंपनी बस हा तर पिंपरी-चिंचवडने देशाला शिकवण्यासारखा प्रकार. सकाळी सहाला चौकाचौकात फर्स्ट शिफ्टवाले डबा आणि स्वेटर घेऊन उभे असतात, बस येते, पन्नास माणसं एका गाडीत. पन्नास स्कूटर घरी. आयटीवाल्यांनी हे सोडून कॅब आणि स्वतःच्या कार धरल्या आणि हिंजवडीचं काय झालं ते आपण बघतोय. मोठ्या कंपन्यांना मिळून एकत्र बस चालवायला लावणं हे लेन बांधण्यापेक्षा कितीतरी लवकर होईल.

समजा उद्या अचानक तेल मिळेनासं झालं तर?

क्युबात झालं होतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० नंतर तेल येणं एकदम आटलं. चीनकडून दहा लाखांवर सायकली मागवल्या, ट्रकच्या मागे मोठा डबा जोडून "कामेयो" म्हणजे उंट नावाच्या बस केल्या, एकेकीत दोनेकशे माणसं कोंबून. शहर चाललं, पण लोकांनी फार सोसलं.

तशी वेळ यायच्या आधी प्रत्येक महापालिकेकडे लेखी योजना पाहिजे की डिझेल निम्मं मिळालं तर कोणते रूट आधी चालतील (दवाखाने, बाजार, कारखाने), ऑफिसं आणि शाळांच्या वेळा कशा वेगळ्या करायच्या, कोणत्या रस्त्यावर त्याच दिवशी ट्रॅफिकचे प्लास्टिकचे कोन लावून बस लेन सुरू करायची, शाळेच्या बस दुपारी कुठे वापरायच्या. कागद, नकाशा आणि चार बैठका एवढंच लागतं.

मी एकटा काय करू शकतो?

आठवड्यातले दोन दिवस बसने जा, आणि बस चुकली, आली नाही, लेनमध्ये गाडी उभी होती, तर तारीख-वेळ-रूट नंबर लिहून तक्रार टाका, नुसतं चिडू नका. पुणे महापालिका दरवर्षी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला पुढच्या बजेटसाठी नागरिकांकडून आपापल्या भागातली कामं मागवते, २००६-०७ पासून हे चालू आहे. त्यात बसस्टॉपला शेड, फूटपाथ, रस्ता ओलांडायची सोय असली कामं बसतात. फॉर्म एका पानाचा असतो, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. स्टॉपचं नाव नीट लिहा आणि फूटपाथ कुठून कुठपर्यंत तुटलाय ते पावलांनी मोजून टाका, कारण "आमच्या भागात सुधारणा करावी" असं मोघम लिहिलेला अर्ज बाजूला पडतो.